अंबूताई उताराखाली उभ्या असत

अंबूताई सायकलवर बसलेल्या मला फारशा आठवत नाहीत. आठवतात त्या सायकल हातात धरून चालणाऱ्या. शाळेत येताना, बाजारातून भाजी आणताना, टेकडीकडे निघताना उजवा हात हॅन्डलवर, डावा मोकळा, लुगड्याचा काष्टा घट्ट, आणि सायकल शेजारून निमूट चाललेली. "ताई, बसत का नाही?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "बसता तं मले येतेच. त्याच्यात काय पाहाचं?"

शेतकऱ्याघरच्या पुष्कळ वऱ्हाडी बायांसारख्या त्या स्वतःबद्दलही 'मी येतो, मी जातो' असंच बोलत. शाळेतल्या पुण्याकडच्या एक-दोन शिक्षिकांना ते कानाला टोचे. अंबूताईंना ते ठाऊक होतं, आणि त्या शिक्षिका जवळ असल्या की त्या थोडं जास्तच तसं बोलत.

हे सगळं मी आज लिहितेय, कारण माझा दादा गेल्या पावसाळ्यात गेला. तो असता तर मी लिहिलं नसतं. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या धैर्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

मी मूळची अकोल्याची. बी. ए. झाले आणि अमरावतीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले. नोकरी तात्पुरती होती. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात नुकतंच आलं होतं आणि शाळेत कोण कायम, कोण तात्पुरतं हे दर सत्राला नव्याने ठरे. दादा अमरावतीलाच वकिली करी. त्याच्याकडे राहिले. घर वडाळीच्या तलावाकडे जाताना जी नवी वसाहत उठत होती, तिच्या अगदी टोकाला होतं. वकील, मास्तर, कचेरीतली माणसं, एक-दोन भिक्षुकांची घरं. आमचं परसदार संपलं की बाभळी, आणि बाभळींच्या पलीकडे टेकडी.

शाळेत पहिल्या दिवशी ड्रिलच्या बाई म्हणून अंबूताईंची ओळख करून दिली गेली. उंच, सावळ्या, दोन्ही हातांवर गोंदण. गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी, दोन्ही काळ्या दोऱ्यात. शिट्टी घाईने तोंडात घालताना कधी कधी काळी पोतच दातात येई, आणि मुली रांगेत उभ्या राहून हसू दाबत. त्यांनी माझ्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहिलं.

"सायकल येते का वो?"

"नाही."

"पाय तं चांगले हायत. वाया कायले घालवून राहिली?"

तेव्हापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मला 'अकोलेवाली' म्हणत.

आमच्या वसाहतीमागे मुरमाची एक गाडवाट होती. टेकडीच्या कडेकडेने ती जरा चढे, पळसांमधून वळसा घेई, मग पलीकडच्या अंगाला उतरून नाल्यावरच्या रपट्याशी येई. रपटा म्हणजे पावसाळ्यात पाणी वरून जावं असा बांधलेला बुटका दगडी पूल. तिथून सपाटीने परत घराकडे. नवशिक्या माणसाला सायकलवर एक फेरी मारायला याहून बरी वाट त्या भागात नव्हती. सकाळी लाकडाच्या बैलगाड्या येऊन जात. दुपारी तिथे कुणी नसे. म्हणूनच अंबूताईंनी ती निवडली होती. रस्त्यावर सायकल शिकणाऱ्या बाईकडे गाव पाहतं, आणि पाहिलं की ती पडते, असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी त्या दोन सायकली घेऊन येत. एक शाळेची जुनी लेडीज, एक त्यांची स्वतःची, दांडीची. शिकायला वसाहतीतल्या बायका. चार असत, कधी सहा. घरी कुणी देवदर्शनाला म्हणून सांगून येई, कुणी काहीच न सांगता.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी की पहिले काही दिवस बसायचंच नाही. अख्खी वाट सायकल हाताने फिरवायची. चढावर ढकलायची, उतारावर ओढून धरायची. मला ते फार कंटाळवाणं वाटलं. मी तसं म्हटलं.

"तिचं वजन कळू दे ना तुले," त्या म्हणाल्या. "मंग थे तुयं वजन ओळखन."

बैलगाड्यांच्या चाकांनी त्या वाटेत दोन खोल खाचा पाडल्या होत्या. नव्या बाईची सायकल हटकून खाचेत उतरे. अंबूताई मागून कॅरिअर धरून पळत असत आणि पळता पळता बोलत असत. "खाचेकडे पाहू नोको. जिकडे पाहशीन तिकडे जाशीन. समोर पाह्य, पळसाकडे पाह्य." आणि कुणी घाबरून थरथरू लागली की, "भेव वाटते तं वाटू दे बाप्पा. भेव काही सायकल धरत नाही."

वाटेच्या तुकड्यांना त्यांनी नावं दिली होती. घरामागची सपाटी ती माहेर. चढ तो सासर. काकूंनी एकदा विचारलं, "आणि उताराला काय म्हणायचं?" अंबूताई म्हणाल्या, "तिथं बोलाले सवड नसते."

या काकू म्हणजे आमच्या शेजारच्या गुरुजींच्या पत्नी. पन्नाशीच्या. गुरुजी गावभर सत्यनारायण, मुंजी, लग्नं लावत. अंबूताईंचा एक नियम होता की सायकलवर बसायचं तर नऊवारी नेसायचं, काष्टा घालून. आम्ही तरुण शिकलेल्या बायका पाचवारी गोल पातळ नेसणाऱ्या. काष्टा आम्हाला जुनाट वाटे. काकूंना तो प्रश्नच नव्हता. जन्मभर त्या नऊवारीतच होत्या. त्या सगळ्यांच्या आधी शिकल्या. काष्टा नीट न जमलेल्या आमच्यापैकी एकीचा पदर चाकात, दुसरीच्या निऱ्या पायडलमध्ये, आणि काकू पळसांच्या वळणावरून शांतपणे, पाठ ताठ ठेवून जाताना दिसत.

एकदा गुरुजी त्याच वाटेवर बेल तोडायला आले. वळणावरून काकू सायकलवर आल्या. गुरुजींनी पाहिलं. मग ते वळले आणि एका झाडाकडे तोंड करून उभे राहिले, काकू पुढे निघून जाईपर्यंत. संध्याकाळी काकू घाबरत घरी गेल्या. गुरुजींनी हातपाय धुतले, पाटावर बसले, आणि जेवता जेवता म्हणाले, "आज उशीर झाला. बेल खालच्या फांदीला राहिलाच नाही." त्या विषयावर त्या दोघांमध्ये झालेलं बोलणं एवढंच. अंबूताईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सभ्य मानूस हाय. पाठ फिरवाले अक्कल लागते."

त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याबद्दल मी एकदाच विचारलं. आम्ही दोघी रपट्यावर पाय सोडून बसलो होतो. त्या माहेरच्या मोर्शीच्या, सासरच्याही तिकडच्याच. संत्र्याचे बगीचे दोन्हीकडे.

"हाय ना," त्या म्हणाल्या. "त्याले दुसरी हाय. तिले पोट्टे हायत. मले सायकल हाय."

"वाईट वाटत नाही?"

"वाटलं होतं. मंग शाळा लागली." त्यांनी चपलेत गेलेला खडा काढून नाल्यात टाकला. "तू लय इचारतं वो अकोलेवाली."

आता वहिनींचं सांगते.

वहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. मला 'वन्सं' म्हणत, मी त्यांना 'वहिनी', आणि दोघी एकमेकींना अहो-जाहो करत असू. पण घरात आम्ही दोघीच बायका, त्यामुळे सगळं बोलणं व्हायचं. त्यांना सायकल शिकायची होती. दादाला विचारायची सोय नव्हती. दादा दुष्ट नव्हता. त्याला फक्त कुणी काही बोललेलं चालत नसे, आणि वसाहतीत बोलणारे पुष्कळ. म्हणून वहिनी शनिवारी दुपारी काकूंकडे जात, तिथे काकूंचं लुगडं काष्टा घालून नेसत, शिकत, परत काकूंकडे पाचवारी नेसत आणि दादा कोर्टातून यायच्या आत घरी. हे सगळं पावसाळाभर चाललं. माझं तोवर शिकून झालं होतं, मी नव्या बायकांना धरायला मदत करत होते.

वहिनींना माहेर जमलं, सासर जमलं. उतार राहिला. अंबूताई म्हणाल्या, "दिवाळीनंतर."

उतारावर त्यांची रीत वेगळी होती. इतर ठिकाणी त्या मागून धरत. उतारावर मात्र त्या आधी स्वतः खाली रपट्याशी जाऊन उभ्या राहत, वाटेच्या मधोमध, पाय फाकवून. मग शिट्टी मारत. वरची बाई निघे. सायकल भलतीकडे गेलीच तर त्या पुढे होऊन हॅन्डल धरत. मी कितीदा पाहिलं होतं ते. त्या खाली का उभ्या राहतात हे मी कधी विचारलं नाही. मला वाटे, खालून चांगलं दिसतं म्हणून; हॅन्डल धरायची वेळ क्वचितच येई.

दिवाळीच्या सुटीत त्या दरवर्षी मोर्शीला जात. बागेत संत्र्यांची तोड सुरू असे. जाताना शाळेची सायकल आमच्या परसदारी ठेवून गेल्या. "पाऊस आला तं आत घेजो," एवढंच म्हणाल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दादा अशिलाकडे गेला होता. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, आज उतार करू या का?"

काकूंकडे लेकी-जावई आले होते. तिथे जाऊन नेसायची सोय नव्हती. आमच्या घरात नऊवारी एकही नव्हतं; मीही काकूंचंच नेसून शिकले होते. वहिनी म्हणाल्या, "मग राहू दे." त्या राहू दे म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "पिना लावू." मी निऱ्यांना तीन ठिकाणी सेफ्टी पिना लावल्या, पदर खोचला, आणि मला ते अगदी नीट वाटलं. मी पदवीधर होते. पिनेने जे होतं त्यासाठी काष्टा कशाला, असं मला खरोखर वाटत होतं.

वर गेलो. मी कॅरिअर धरलं, चार पावलं पळाले आणि सोडलं. मी वरच राहिले. खाली कुणी नव्हतं.

वहिनी रपट्याच्या जवळपर्यंत फार छान गेल्या. मग निऱ्या चेनमध्ये गेल्या. चाक अडलं. त्या हॅन्डलवरून पुढे रपट्याच्या दगडावर पडल्या, उजव्या कोपरावर. मी खाली पोचले तेव्हा त्या बसल्या होत्या आणि डाव्या हाताने पातळ चेनमधून सोडवायचा प्रयत्न करत होत्या. "काळं लागलं," म्हणाल्या. "आता हे जायचं नाही."

लाकडं नेणारी एक बैलगाडी उशिरा परतत होती. तिच्यातून घरी आलो.

दादा आला. डॉक्टर येऊन गेले. हाड मोडलं होतं, सांध्याशीच. दादाने पातळावरचं चेनचं तेल पाहिलं आणि परसदारी सायकल पाहिली. वकील माणूस. त्याने विचारलं, "त्या ड्रिलच्या बाईंनी बसवलं ना तुला?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी आंबेहळद उगाळत होते. सहाणेवर ती गोल गोल फिरवत राहिले. वहिनी वाट पाहत होत्या, मी काही बोलते का. मग त्यांनी डोळे मिटले. दादा म्हणाला, "समजलो."

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी नंतर अनेकदा आठवून पाहिलं. काही वाटलं नव्हतं. भीतीही नव्हती. हळद पुरेशी झाली का, एवढाच विचार होता. त्या रात्री मला झोप चांगली लागली. मला खरं म्हणजे हीच गोष्ट सांगायची आहे. गप्प राहणारी माणसं पुष्कळ असतात. मी झोपले.

दादाने शाळेच्या चिटणिसांना गाठलं. ते त्याच्याच बाररूममधले. सुटी संपली आणि अंबूताईंना ऑफिसात बोलावलं. मी त्याच घरातली म्हणून मोठ्या बाईंनी मलाही बसायला सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना अंबूताईंबद्दल माया होती, पण चिटणिसांसमोर ती दाखवायची त्यांची पद्धत नव्हती.

अंबूताई आल्या. दाराशी चपला काढल्या. चिटणिसांनी विचारलं, "वकीलसाहेबांच्या पत्नींना सायकल तुम्ही शिकवली?"

"शिकवली."

"घरच्यांना न विचारता?"

"तिले इचारलं होतं."

"त्या दिवशी उतारावर तुम्हीच नेलंत?"

मोठ्या बाई मधेच म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही तर सुटीत मोर्शीला होतात ना?"

बस, तेवढंच पुरे होतं. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. मोर्शीच्या अख्ख्या बागेने साक्ष दिली असती. अंबूताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मुलगी रांगेत चुकीच्या जागी उभी राहिली की पाहत, तसं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शिपाई कुंड्यांना पाणी घालत होता.

"त्याच्या एक दिवस आधीच वापस आलतो," अंबूताई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनीही मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

अंबूताईंना काढलं नाही. त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं, म्हणजे तेच. त्या आपलं कपाट रिकामं करत होत्या तेव्हा मी गेले. लेझीम मोजून ठेवत होत्या.

"ताई, तुम्ही खोटं का बोललात?"

"तू कुठं खरं बोलली?"

त्यांनी लेझीम पुरे बांधले, गाठ मारली, ओढून पाहिली.

"आयक," त्या म्हणाल्या. "तुयं नाव निंगालं असतं तं तुया भावानं तुले घरी बसवलं असतं. तिलेबी. वसाहतीतली एक बाई मंग उंबऱ्याभायेर पडली नसती. म्हणाले असते, पाहा, शिकलेल्या पोरींनी घरच्याच बाईचं काय केलं. माहं नाव निंगालं तं काय म्हणतीन? गावंढळ होती. गेली. झालं."

"पण तुमची नोकरी."

"तुयासाठी नाही केलं, समजलं काय? उगाच पाया-बिया पडू नोको." मी पडणार नव्हतेच. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. मग जरा हळू म्हणाल्या, "मी खाली काहून उभी राहतो हे तुले सांगाले पायजे होतं. थे माहं राह्यलं."

त्या तेल्हाऱ्याला बहिणीकडे गेल्या. मोर्शीला तोडीपुरतं जाणं वेगळं, कायमचं राहण्यासारखं घर तिथे नव्हतं. पोचवायला मी गेले नाही. काकू गेल्या होत्या, गुरुजींना सांगून.

त्यांचा हिशेब चुकला. बायका टेकडीवर जायच्या थांबल्या. कुणी मनाई केली नाही. एका शनिवारी कुणी आलं नाही, पुढच्याही आलं नाही. काकू काही दिवस एकट्याच जात. मग त्यांचेही गुडघे दुखायला लागले. ड्रिलचे तास मोठ्या बाईंनी मला दिले आणि त्या वर्षअखेर मी कायम झाले. मी ते घेतलं.

वहिनींचा हात वाकडाच राहिला. कोपर एका जागी आखडलं. जेवता येई, लिहिता येई, पोळ्या लाटता येत. डोक्यामागे मात्र हात पोचत नसे. वेणी घालता येईना. मी काही महिने घातली. मग मला अकोल्याच्या शाळेत जागा मिळाली आणि मी निघून गेले. त्यानंतर एकदा सुटीत आले तेव्हा सकाळी त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, दादा कोर्टाचा काळा कोट घालून उभा होता, तोंडात आकडे धरून, आणि वहिनींचा अंबाडा बांधत होता. सवयीने, भरभर. पुढे शेवटपर्यंत तोच बांधत असे. त्याने ते कुणाला कधी सांगितलं नाही. मी पाहिलंय हेही त्याला सांगितलं नाही.

वहिनींनी मला कधी बोल लावला नाही. एकदाच, भाजी निवडताना, आपणहून म्हणाल्या, "वन्सं, पडायच्या आधीचा तुकडा फार छान होता हो." मी म्हटलं, "हं." आणि शेंगा सोलत राहिले.

साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती. जिल्ह्याच्या खेळांच्या स्पर्धांना मुली घेऊन मला तेल्हाऱ्याला जायचं होतं. वहिनींना पत्रातून कळलं. त्यांनी लिहिलं, अंबूताई तिथेच असतील, भेटा, आणि त्यांना एकदा घेऊन या. मी ठरवून गेले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. आता तरी दादाला सांगते, असं म्हणायचं होतं. तुमचं नाव मोकळं करते.

शोधावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानाजवळच्या रस्त्याने जिनिंगकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. एका गाडीच्या पुढे, बैलांच्या बाजूने, अंबूताई चालत होत्या. वाळल्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा. काष्टा तसाच. मी पुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी गाडीवानाला थांबायला लावलं आणि चष्म्यातून बराच वेळ पाहिलं.

"अकोलेवाली ना तू?"

"हो."

"जाड झाली वो."

मी म्हटलं, "तुम्ही कशा आहात?"

"कापूस आनतो, कापूस नेतो. बहिनीचा जावई मुंबईले गेला. वावर कोन पाहीन?" मग त्यांनी एकदम विचारलं, "तिचा हात कसा हाय?"

मी दुसरं वाक्य तयार ठेवलं होतं. त्याच्या आधी हा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं.

"बरा आहे," मी म्हटलं.

"बरा म्हंजे कसा? मांगं जाते? डोक्यामांगं?"

"जातो."

"पुरा?"

"पुरा जातो. वेणी स्वतःची स्वतः घालतात."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "कोपराचं हाड वाईट असते," म्हणाल्या. "मले वाटलं राह्यला असंन वाकडा. इतके दिवस मी तेच धरून होतो. चाल, बरं झालं."

यानंतर माझं ते वाक्य बोलायला जागा राहिली नाही. बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं. मागच्या गाड्यांचे बैल डोकी हलवत होते, गाडीवान ओरडायला लागले होते. अंबूताई चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन वर चढल्या, कापसाच्या ढिगावर बसल्या आणि मांडी घातली. वरून त्यांचा चेहरा मला एवढा मोकळा कधी दिसला नव्हता.

"तिले पाठवून दे इकडे," त्या म्हणाल्या. "बहिनीच्या पोट्टीची सायकल हाय. तेल्हाऱ्याले उतारच नाही. सारं सपाट. दोन दिवसांत बसवतो तिले."

"पाठवते," मी म्हटलं.

गाडी हलली. त्या मागे वळून पाहणाऱ्यातल्या नव्हत्याच. बैलांना काहीतरी सांगत होत्या. एका हाताने कापसाचा ढीग दाबून धरला होता, घसरू नये म्हणून, आणि पुढच्या गाडीच्या धुळीत त्या आणि कापूस एकच दिसायला लागेपर्यंत मी तिथे उभी होते. मुली शंभर मीटरच्या शर्यतीसाठी बोलवायला आल्या तेव्हा निघाले.

त्या उन्हाळ्यात अमरावतीला गेले. वहिनी दारातच होत्या. दादा कोर्टात होता.

"भेटल्या का?"

मी चपला काढत होते. म्हटलं, "नाही. तिथे त्यांना कुणी ओळखत नाही."